उंचवट्यावरचा खड्डा

७ मार्च

सोइचि,

पाकिटावर मी मिनेयामा हेच आडनाव लिहिलं आहे. तिकडच्या पोस्टमनला शोधायला त्रास पडला तर पडू दे. तू जन्मलास तेव्हापासून तुझं जे नाव आहे तेच माझ्या हातून लिहिलं जातं.

इकडचं सांगते. तू गेल्यापासून समुद्रावरून रोज धुकं येतं. सकाळी आपल्या कौलांच्या कारखान्याचं धुराडं दिसत नाही, दुपारी मैदान दिसत नाही. बेसबॉलचा सराव मात्र मी थांबवलेला नाही. कचेरीची खिडकी उघडून बसते आणि नुसते आवाज ऐकते. बॅटचा ठोका, कॅचर कुबोच्या शिव्या, मग त्याच्या ग्लव्हमध्ये चेंडू पडल्याचा आवाज. तू फेकायचास तेव्हा तो आवाज पक्क्या भाजलेल्या कौलावर टिचकी मारावी तसा यायचा. आता येतो तो कच्च्या कौलाचा. खिडकीतून कोणी दिसत नाही, पण तू नाहीस हे ऐकू येतं.

तुझे सासरे छाटणी करताना शिडीवरून पडले, कंबर मोडली, मियो एकुलती एक, सफरचंदाची बाग बघायला दुसरं कोणी नाही, हे सगळं तू मला दोनदा सांगितलंस. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. अडचणीला धावून जाणं मला समजतं. बिऱ्हाड हलवून, त्यांचं नारिता नाव लावून, त्या घरचा मुलगा होणं, घरजावई होणं, ही वेगळी गोष्ट आहे. जर्सी इथेच ठेवून जा, असं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं असेन तर ती धुवायची होती म्हणून.

ती धुऊन झाली आहे. कुबोने ती खेळाडूंच्या बाकामागे खुंटीला टांगली आहे. अठरा नंबर बाहेरच्या बाजूला.

जूनमध्ये प्रांताची पात्रता फेरी यंदा आपल्या मैदानावर आहे. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं मागितली तेव्हा दिली नाही, आता ते नाहीत तर दिली. तू दोन दिवसांसाठी ये. झाडं दोन दिवसांत कुठे पळून जात नाहीत.

आई


२९ मार्च

सोइचि,

उत्तर नाही. ठीक आहे. तिकडे अजून बर्फ असेल आणि पेन गोठलं असेल.

तुझ्या जागी इकुताला उभा केला आहे. साचेखात्यातला इकुता, बुटका, भुवया जुळलेल्या, जेवताना कोणाशी बोलत नाही तो. फेक वाईट नाही. परवा बंदरापलीकडच्या जहाजबांधणीवाल्यांकडे सामना होता. तिथे त्याने असा चेंडू टाकला की त्यांचा आडदांड कप्तान बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहिला. परत येताना बोटीत कुबो म्हणाला, ‘‘मालकीणबाई, पोरगं तयार झालं. आता याला जरा बोलायला शिकवा, म्हणजे पंचांशी भांडेल.’’

पण आपल्या मैदानावर त्याला काय होतं कळत नाही. चेंडू वर जातो. कुबो उडी मारून झेलतो आणि मग ओरडतो, ‘‘अरे, मी बगळा नाहीये!’’ इकुता टोपी काढून वाकतो, ‘‘चुकलं, कुबोदादा.’’ पुढचा चेंडू पुन्हा वर.

सगळे म्हणतात, तुझ्या जागेचं दडपण. असेल.

काल भट्टीत धूर कोंडायचा दिवस होता. सगळी झाकणं लिंपली आणि संध्याकाळपर्यंत आत कौलांवर चंदेरी रंग चढत होता. बाहेर धुकं, त्यात भट्टीच्या फटीतून सुटलेला धूर. कुठून कुठपर्यंत काय आहे ते कळेना. मैदानावर त्या धूसर उजेडात फेकणाऱ्याच्या मातीच्या उंचवट्यावर एक कौल पालथं ठेवलेलं दिसलं. लहानशा घराचं छप्पर जमिनीतून वर आल्यासारखं. कसली तरी खूण असेल म्हणून मी विचारलं नाही.

जूनची तारीख अकरा. बोटीची वेळ तुला माहीत आहे.

आई


१८ एप्रिल

सोइचि,

तुझं नाही, मियोचं कार्ड आलं. अक्षर चांगलं आहे. तिने लिहिलंय की तू आता छाटणी नीट करतोस, सासरे खुर्चीत बसून खालून ओरडतात आणि तू ‘‘हो बाबा’’ म्हणतोस. स्वतःच्या बाबांना तू एवढ्यांदा हो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आणि माझ्या पाकिटांबद्दल व्याही काय म्हणाले तेही तिने लिहिलंय. ‘‘हे मिनेयामा म्हणून कोण राहतात आपल्याकडे? एवढी पत्रं येतात, जेवायला कधी दिसत नाहीत.’’ मियोला वाटलं मला हसू येईल. व्याह्यांना सांग, विनोद बरा आहे. मला हसू आलं नाही.

रविवारी घरच्या मैदानावर आपण हरलो. त्यांच्या फलंदाजांनी बॅटसुद्धा फिरवली नाही. इकुताचे चेंडू एवढे बाहेर जात होते की ते चार वाईट चेंडू मोजून फुकटात चालत चालत पुढे गेले आणि चालत चालत धावा झाल्या. प्रेक्षकांतले म्हातारे सामना अर्धा टाकून घरी गेले.

आता जो तो इकुताला औषध देतोय. भट्टीवाल्यांनी त्याला देवळातून ताईत आणून दिला. पॅकिंगच्या बायकांनी खारवलेले आलुबुखार घालून भाताचे गोळे केले, ते खाल्ले की मन थाऱ्यावर राहतं म्हणे. कुबो सकाळी त्याला समुद्राकाठी उभा करून मोठ्याने ओरडायला लावतो. धुक्यातून त्याचा आवाज येतो आणि पाण्यावरून तसाच परत येतो. एके दिवशी मला वाटलं पलीकडून कोणी उत्तर देतंय.

मी त्याला बोलावून सांगितलं, ‘‘घाबरायचं कारण नाही. सोइचिही सुरुवातीला हरायचा.’’

तो म्हणाला, ‘‘मी घाबरत नाही, बाई.’’

‘‘मग?’’

तो खाली बघत राहिला. मला असं बघत राहणारे लोक आवडत नाहीत. मी त्याला जायला सांगितलं.

तू जूनमध्ये येणार की नाही एवढं एका शब्दात लिही. होला आणि नाहीला सारखीच शाई लागते.

आई


९ मे

सोइचि,

पहाटे स्वप्न पडलं. मी स्वप्नं सांगणाऱ्यांतली नाही, तुला माहीत आहे. पण हे सांगते.

मैदानावर पाणी भरलं होतं. भरतीचं, स्वच्छ, घोट्याएवढं. उंचवटा तेवढा बेटासारखा वर राहिला होता आणि त्यावर तुझे बाबा बसून माती थापत होते. हातात लाकडी थापी. मी काठावरून म्हटलं, ‘‘अहो, जेवायला चला.’’ ते म्हणाले, ‘‘थांब, ओली आहे तोवर करून घेतो.’’ मग पाण्यावरून एक चेंडू तरंगत आला, अगदी सावकाश, त्यांच्या जवळून पुढे गेला आणि ते काही त्याच्याकडे बघेनात. मला हाक मारायची होती. पण कोणत्या नावाने मारू ते आठवेना. त्यांच्या जन्माच्या आडनावाने की आमच्या.

जागी झाले तेव्हा धुक्याचा भोंगा वाजत होता.

तुला हे कधी सविस्तर सांगितलं नसेल. तेही घरजावईच होते. मी एकुलती एक, कॉलेज संपवून क्योटोहून परत आले तर वडील म्हणाले, कारखान्याला मुलगा हवा. सामुद्रधुनीपलीकडच्या एका गावातून ते आले. त्यांच्याकडे पेअरच्या बागा होत्या. इथे येऊन त्यांनी मिनेयामा नाव लावलं, कौलं शिकले, संघ काढला, कारखान्याच्याच मातीचा उंचवटा रचला. त्यांच्या आईची पत्रं यायची ती नेहमी जुन्या नावाने. पोस्टमन हसून मला द्यायचा, मी हसून त्यांना द्यायचे. ते हसायचे नाहीत. खिशात घालायचे आणि मैदानावर जायचे.

ती म्हातारी एकदाही इकडे आली नाही. आपण बोलावलं नाही, असं ते म्हणत. तिने विचारलं नाही, असं मी म्हणत असे.

असो. इकुताची जांघ आखडली आहे. दोन दिवस विश्रांती सांगितली आहे.

आई


२१ मे

सोइचि,

तुझं पत्र मिळालं. चार पत्रांना एक ओळ. ‘इकुताचा पाय कुठे पडतो ते बघ.’ खाली सही, तीही नुसतं सोइचि. आडनाव कुठलंच लिहिलं नाहीस. येणार की नाही तेही नाही.

मी रागाने पत्र टेबलावर ठेवलं. चहा केला. मग छत्री घेऊन मैदानावर गेले.

धुकं इतकं होतं की उंचवट्यापाशी पोचेपर्यंत तो दिसला नाही. वर ते पालथं कौल. मी ते उचललं. खाली तुझा खड्डा होता.

तुला मी सांगायला नको, पण मला नीट बघावं लागलं. फेकताना तुझा डावा पाय पुढे जिथे आपटतो तिथला खड्डा. सराव संपला की तो रोज बुजवायचा, पाणी मारायचं, थापायचं, हा या मैदानाचा पहिला नियम आहे आणि तो तुझ्या बाबांनी घालून दिला आहे. तू गेलास त्या दिवसापासून या शहाण्यांनी तो बुजवलाच नव्हता. सराव नसेल तेव्हा पावसाने मोडू नये म्हणून वर कौल. कडा वाळून भाजल्यासारख्या कडक झालेल्या.

कुबोला बोलावलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘सोइचिचा खड्डा.’’

‘‘ते मला दिसतंय. बुजवला का नाही?’’

‘‘तो परत आला की पाय ठेवायला जागा नको का, बाई?’’ हा एवढा थोराड माणूस, भट्टीपुढे उभं राहून कातडं करपलेला, आणि डोळ्यांत पाणी. ‘‘पोरं रोज घरी जाताना इथे वाकून जातात.’’

‘‘आणि इकुता रोज इथूनच फेकतो. त्याचा पाय कुठे पडतो?’’

कुबोने वाकून खड्ड्याचा काठ चाचपला. कॅचर आहे हा. महिनोन् महिने समोर बसून चेंडूकडे बघत होता.

इकुता लंगडत आला. मी विचारलं तेव्हा तो नेहमीसारखा खाली बघत राहिला, पण या वेळी मी त्याला जाऊ दिलं नाही.

‘‘माझा पाय त्याच ओळीत पडतो, बाई. फक्त अलीकडे. नेमका काठावर.’’

‘‘मग घसरत असशील.’’

‘‘सुरुवातीला घसरायचो. मग आडवा टाकायला लागलो.’’

‘‘आडवा?’’

‘‘सोइचिदादांच्या खड्ड्यात मी पाय कसा ठेवणार?’’ त्याने असं विचारलं की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले होते. ‘‘म्हणून जरा बाजूला टाकतो. जमेल तितका.’’

‘‘जांघ त्यानेच आखडली, गाढवा! बोलला का नाहीस?’’

‘‘बुजवा म्हणून मी कसं सांगणार? मी नवीन आहे.’’

ताईत, आलुबुखार, समुद्राकाठचं ओरडणं. सगळ्या कारखान्याने त्या पोराचं मन दुरुस्त करायला घेतलं होतं.

आम्ही कौलं करणारे लोक. ओली माती वाळलेल्या मातीला धरत नाही हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. वाळलेल्या भागावर आधी ओरखडे काढायचे, खोल, मग पातळ चिखल चोळायचा, मग नवीन माती दाबायची. नुसती भरली तर वाळल्यावर खपली निघते. मी खुरपं मागवलं. कुबो म्हणाला, ‘‘द्या, मी करतो.’’ मी त्याला बादली धरायला सांगितली.

तळ गुळगुळीत होता. तुझ्या टाचेचा, चवड्याचा आकार स्पष्ट. बुटाच्या खिळ्यांची टोकंसुद्धा. मी त्यात हात ठेवला. फार वेळ नाही, माती बघायला जितका लागतो तितकाच.

मग ओरखडे काढले.

माझ्या मागे एकेक करून सगळे येऊन उभे राहिले होते. धुक्यात चेहरे दिसत नव्हते, नुसते पाय. कोणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढल्या.

‘‘टोप्या घाला,’’ मी म्हटलं. ‘‘इथे कोणी मेलेलं नाही. तो उत्तरेला सफरचंदं लावतोय.’’

‘‘लावत नाही, बाई, छाटतोय,’’ कुबो म्हणाला. ‘‘लावली सासऱ्याने.’’

ते हसले. मी चिखल चोळत होते, त्यामुळे माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

जूनबद्दल. येऊ नकोस. मी माहिती काढली आहे. जूनमध्ये जास्तीची लहान फळं खुडायची असतात, दिवस वाया घालवला तर वर्ष वाया जातं. असं मला कोणी सांगितलं नाही, तूही नाहीस. तू सांगायला हवं होतंस. मी विचारायला हवं होतं वगैरे लिहिणार नाही.

आई


१२ जून

सोइचि,

काल आपण हरलो. आधी हे, म्हणजे तू पुढचं उगाच धडधडत वाचणार नाहीस. एका धावेने, शेवटच्या डावात.

पण मला तुला सामना सांगायचा आहे. तुझ्या बाबांना सांगितला असता तसा.

सकाळी धुकं होतं म्हणून पंचांनी थांबवून ठेवलं. समोरचा संघ शहरातला, मोठ्या बसमधून आलेला, त्यांना वाटलं आज परत जावं लागणार. आपले लोक गवतावर आडवे पडून राहिले. आम्हाला हे धुकं केव्हा उठतं माहीत आहे. बरोबर त्या वेळी ते उठायला लागलं, खालून, पडद्यासारखं. आधी पाय दिसले, मग गुडघे, मग नंबर, मग चेहरे. प्रेक्षकांत एक बाई म्हणाली, ‘‘अगं बाई, कोणीतरी आत्ताच मातीतून करून उभे केल्यासारखे दिसतात.’’

इकुता उंचवट्यावर गेला. त्याने पुढची माती बुटाने चाचपली. मग बाकाकडे, तुझ्या जर्सीकडे, बघितलं आणि वाकला. कुबो तिकडून खेकसला, ‘‘नमस्कार झाले असतील तर चेंडू टाक, लग्न नाहीये तुझं!’’

पहिला चेंडू. तो आवाज. तुझा नाही. तुझा कोरडा होता. याचा थोडा जाड आहे, पण पक्का. त्या आवाजाने मी उभी राहिले हे मला नंतर पॅकिंगच्या बायकांनी सांगितलं.

सबंध सामना त्याने एकट्याने फेकला. शेवटच्या डावात त्यांच्या एका पोराने चेंडू असा मारला की तो समुद्राच्या बाजूला उंच गेला, आणि तिकडे अजून थोडं धुकं उरलं होतं, त्यात शिरला. आपला हिशेबातला ओनिशि ग्लव्ह वर करून त्याच्याखाली उभा. चेंडू खाली यायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. ओनिशिच्या मागे पडला. बस्स.

कोणी रडलं नाही. कुबो सोडून. तो म्हणाला, घाम आहे.

नंतर सगळे माती सारखी करायला फावडी घेऊन आले. मी उंचवट्यापाशी गेले. तुझ्या जागेच्या अलीकडे एक नवीन खड्डा पडला होता. लहान, उथळ, आणि अगदी सरळ. आडवा नाही. मी इकुताला बोलावून दाखवला.

‘‘हा कोणाचा?’’

तो खाली बघत राहिला, आणि हसला. त्याला दात आहेत हे मला काल कळलं.

‘‘माझा.’’

‘‘मग बुजव.’’

त्याने बुजवला. पाणी मारलं, थापला. तुझ्या खड्ड्यावर मी भरलेली माती सबंध सामन्यात कुठे सुटली नाही, हेही सांगते.

अठरा नंबर त्याला देऊ केला. नको म्हणाला. एकतीस बरा आहे म्हणे, धुवायची सवय झाली आहे. म्हणून तुझी जर्सी मी खुंटीवरून काढून घरी आणली.

आई


३० ऑक्टोबर

सोइचि,

सफरचंदांची पेटी पोचली. वाटेत एकही डागाळलं नाही. कारखान्यात वाटली. कुबोने तिथेच उभं राहून तीन खाल्ली आणि म्हणाला, ‘‘बॉल टाकायचा तेव्हा असाच टाकायचा, गोड आणि कडक.’’ इकुताने त्याचं फडक्यात बांधून घरी नेलं. एक मी तुझ्या बाबांच्या फोटोपुढे ठेवलं. त्यांना पेअर जास्त आवडायचे, पण आता तक्रार करत नाहीत.

पेटीत मियोची चिठ्ठी होती. बाळ मार्चमध्ये, हे तिने असं लिहिलंय जणू मला आधीच कळवलं होतं. आणि पुढे, की आता मोठी तोडणी सुरू आहे, तिला शिडीपाशी येऊ देत नाहीत, बाबांना उभं राहवत नाही, म्हणून तू एकटाच वर चढतोस. खाली कोणी नसतं. बाबा खुर्चीतून ओरडतात, ‘‘सावकाश, सावकाश, मीही असाच चढलो होतो!’’

हे मी तीनदा वाचलं.

कारखाना आठवडाभर कुबो बघेल. भट्ट्या त्याला माहीत आहेत, हिशेब ओनिशिला. मी सोमवारच्या बोटीने निघते, पुढे आगगाडी. स्टेशनवर कोणी घ्यायला यायची गरज नाही, मला पत्ता विचारता येतो. थंडी असते म्हणे, म्हणून तुझी जर्सी आणते. कोटाच्या आत घालता येईल. झाडावर नंबर कोणी बघत नाही.

व्याह्यांना सांग, जेवायला येते आहे. आणि त्यांनी मला काही शिकवायला जाऊ नये, उभं राहून एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवणं मला येतं.

तू वर चढ. शिडी मी धरते.

हे पत्र तुझ्या हाती लागेल तोवर मी वाटेत असेन, त्यामुळे नाही म्हणायला तुला वेळ नाही. पोस्टमनला शोधायला या वेळी त्रास पडणार नाही. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: सोइचि नारिता.

आई